रस्त्याखाली काय काय असतं, आणि जेसीबी लावायच्या आधी ते वाचवायचं कसं?

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतली लाईट सकाळी साडेअकराला गेली ती रात्री पावणेदोनला आली. कोपऱ्यावर ड्रेनेजचं काम चालू होतं, जेसीबीच्या बकेटचा एक दात २२ केव्हीच्या, म्हणजे २२ हजार व्होल्टच्या, केबलमध्ये घुसला आणि असा आवाज झाला की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या हादरल्या. मी पाण्याच्या लाईनींच्या कामांवर पंधरा-सोळा वर्षं काढलीत त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. खड्ड्यात केबलचं काळं पडलेलं तोंड, वर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि फुटपाथवर बसलेला ऑपरेटर, विशी-बाविशीचा पोरगा, हातातली पाण्याची बाटली इतकी थरथरत होती की तोंडाला लावता येत नव्हती. सगळे त्याच्यावरच ओरडत होते. मला मात्र त्याच्यासाठी वाईट वाटलं, कारण लिव्हर त्याच्या हातात होता पण खाली काय आहे हे सांगणारं एक चिटोरंसुद्धा त्याला कुणी दिलेलं नव्हतं.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, एवढं सगळं ऑनलाईन झालंय मग खोदायच्या आधी खाली काय आहे ते कळत कसं नाही? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत बसत नाही म्हणून इथे नीट लिहितोय.

## आधी खाली काय काय आहे ते बघू

शहरातल्या साध्या रस्त्याच्या कडेला जमिनीखाली घराघरात जाणाऱ्या विजेच्या केबल असतात, ११, २२ किंवा ३३ केव्हीच्या मोठ्या केबल असतात, इंटरनेटच्या फायबरचे डक्ट, पाण्याची लाईन, पाइप गॅसची लाईन, ड्रेनेज आणि पावसाळी गटार, आणि कधीकधी कुणालाच आठवत नसलेली एखादी जुनी बंद लाईनही असते. कागदोपत्री या सगळ्यांना 'युटिलिटी' म्हणतात, मी इथे सरळ लाईन म्हणतो.

प्रत्येकीची खोली ठरलेली असते. विजेच्या केबल टाकण्याच्या भारतीय मानकात घरगुती दाबाची केबल ७५ सेंटीमीटरवर, ११ केव्हीची ९० वर आणि २२ किंवा ३३ केव्हीची १०५ सेंटीमीटरवर असं सांगितलंय, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी, आणि त्यावर धोक्याची रंगीत पट्टी. म्हणजे खोदणाऱ्याला आधी पट्टी दिसावी, मग वीट लागावी, आणि तेवढ्यात त्याने हात आखडता घ्यावा.

पण ही खोली मोजायची कुठून? ज्या दिवशी केबल टाकली त्या दिवशीच्या रस्त्यापासून. नंतर रस्त्यावर डांबराचे तीन थर चढतात, कुठे फुटपाथसाठी खरवडून खाली घेतात, कुठे मध्ये खडक लागला म्हणून त्या जागी केबल वरूनच नेलेली असते. त्यामुळे मानकात १०५ सेंटीमीटर असलेली केबल प्रत्यक्षात ४० वर सापडते आणि दीड मीटरवरही. मी दोन्ही पाहिलंय, एकाच रस्त्यावर, शंभर मीटरच्या आत.

## नकाशे नाहीत का मग?

आहेत, पण ते वेगवेगळ्या कपाटांत आहेत. पाण्याचा पालिकेच्या एका खात्यात, ड्रेनेजचा दुसऱ्यात, केबलचा वीज कंपनीकडे, गॅसचा गॅस कंपनीकडे, फायबरचा तर चार-पाच कंपन्यांकडे. आणि बरेचसे नकाशे लाईन टाकायच्या आधी काढलेले असतात, म्हणजे लाईन कुठून जायला हवी होती ते त्यात असतं, कुठून गेली ते नसतं. साईटवर मध्ये झाड आलं, चेंबर आलं, मुकादमाने लाईन दोन फूट सरकवली, काम झालं, बिल निघालं, नकाशा होता तसाच राहिला.

घरातलं उदाहरण घ्या. फ्रेम लावायला भिंतीत ड्रिल मारायचंय आणि आत वायरिंग आहे. आपण काय करतो, स्विचबोर्ड कुठे आहे ते बघतो आणि वायर तिथून सरळ वर गेली असणार असं धरतो. बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण एखाद्या इलेक्ट्रिशियनने वायर तिरकी नेली असली की संपलं. रस्त्यावरही अगदी हेच, चेंबर आणि व्हॉल्व्ह हे आपले स्विचबोर्ड, आणि दोन चेंबरच्या मधली लाईन सरळ असेल हा निव्वळ अंदाज. खरं ठिकाण कित्येकदा एकट्या चावीवाल्याला माहीत असतं, तोच जो रोज पाणी सोडायला व्हॉल्व्ह फिरवतो, आणि तो रिटायर झाला की ती माहितीही घरी जाते.

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं ते याच्यासाठीच. खोदणाऱ्याने ठिकाण टाकायचं, त्या भागात ज्यांच्या लाईनी आहेत त्यांना मेसेज जातो, दोघांची गाठ पडते. नुसत्या बेशिस्त खोदाईने फायबर वगैरे तुटून देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. अमेरिकेत २००७ पासून यासाठी ८११ हा एकच नंबर आहे, फोन केला की लाईनवाले येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, हिरवा ड्रेनेज. आपल्या ॲपची कल्पना चांगलीच आहे, पण समोरच्याने आपली लाईन त्यात नीट भरलेली असेल आणि मेसेज आल्यावर माणूस साईटवर येत असेल तरच तिचा उपयोग.

## मशीन लावून शोधता येत नाही का?

येतं, पण प्रत्येक मशीनची एक खोड आहे. विजेच्या केबलमधून करंट वाहतो तेव्हा भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते वरून पकडणारा लोकेटर मिळतो, हातात धरून चालत जायचं. लोखंडी पाइपवरही बाहेरून सिग्नल सोडून तो चालतो. प्लास्टिकच्या पाइपला मात्र तो आंधळा, म्हणून प्लास्टिक पाइपसोबत एक बारीक तांब्याची तार टाकायची पद्धत आहे, ती टाकलेली असेल आणि मध्ये कुठे तुटलेली नसेल तर पाइप सापडतो.

दुसरं मशीन म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र काढणारं रडार, लहान मुलाच्या बाबागाडीसारखं ढकलत न्यायचं, साधारण सोनोग्राफीसारखंच पण जमिनीची. प्लास्टिकही त्यात दिसू शकतं. पण आपल्याकडची काळी माती, त्यातून ती ओली असेल, तर लहरी वरच्यावरच विरून जातात, धुक्यात हेडलाईट लावल्यासारखं होतं. मुरमात आणि कोरड्या वाळूत मशीन छान चालतं.

त्यामुळे मशीनने संशयाची जागा कळते, खात्री होते ती डोळ्याने बघितल्यावरच. म्हणून ट्रायल पिट घ्यायचा, म्हणजे खरं काम सुरू करायच्या आधी आडवा, अरुंद, हाताने खोदलेला चाचणीचा खड्डा. हाताने म्हणजे फावड्याने, आणि इथे एक गोष्ट मी प्रत्येक गँगला सांगत आलोय, लाईनच्या जवळ पहार वापरायची नाही. लोकांना वाटतं जेसीबी थांबवला म्हणजे झालं, पण टोकदार पहार उभी मारली की सगळा जोर एका बिंदूवर येतो, ती केबलच्या आवरणातून आरपार जाते आणि ती धरणारा माणूस थेट करंटमध्ये जातो, जेसीबीवाला निदान केबिनमध्ये तरी असतो. वरचा डांबराचा थर फोडायला ब्रेकर चालेल, पण पट्टी, वाळू किंवा वीट दिसली की चपट्या फावड्याने माती आडवी खरवडत काढायची. आणि 'ती केबल बंद आहे' असं कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी वीज कंपनीच्या माणसाने टेस्ट करून दाखवेपर्यंत ती चालूच आहे असं धरायचं. कारण फॉल्ट आला की सबस्टेशनमधून फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी मुख्य लाईन, पुन्हा चालू करून बघतात, तेव्हा तुटलेल्या टोकात परत वीज येऊ शकते.

## आणि रस्ता न खोदताच लाईन टाकतात ते?

ते तुम्ही पाहिलं असेल, एका कडेला मशीन उभं, दुसऱ्या कडेला खड्डा, मध्ये रस्त्यावर वाहतूक चालू. याला एचडीडी (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग), म्हणजे जमिनीखालून आडवं ड्रिलिंग म्हणतात. आई पायजम्यात नाडी घालताना सेफ्टीपिन आत सारते आणि वरून बोटांनी चाचपत पुढे नेते ना, तसंच. ड्रिलच्या टोकाला सिग्नल देणारं यंत्र असतं, वर एक माणूस रिसीव्हर घेऊन चालतो आणि टोक कुठे, किती खोल आहे ते सांगत राहतो. पलीकडे निघालं की भोक मोठं करत पाइप मागे ओढून घेतात.

यात रस्ता वाचतो पण वाटेतल्या लाईनी डोळ्याला दिसत नाहीत. त्यामुळे वाटेत जिथे जिथे दुसरी लाईन आडवी जाते तिथे तिथे आधी खड्डा घेऊन ती उघडी करायची आणि ड्रिल तिच्या खालून सुरक्षित अंतरावरून जाताना बघायचं, असा नियम पाळायला हवा. नाही पाळला तर एक फार वाईट गोष्ट होऊ शकते. गॅसचा पाइप ड्रेनेजच्या पाइपच्या पोटातून आरपार ओढला जातो. त्या दिवशी काहीच होत नाही, गॅसही चालू, ड्रेनेजही चालू. वर्षा-दोन वर्षांनी तिथे घाण अडकून ड्रेनेज तुंबतं, कुणी तरी चोकअप काढायला मशीन घालतो, त्याचं पातं गॅसचा पाइप कापतं आणि गॅस ड्रेनेजमधून थेट घराघरात. म्हणून अशा कामानंतर ड्रेनेजमध्ये कॅमेरा फिरवून बघायला पाहिजे, आणि हे कामाच्या टेंडरमध्येच लिहिलेलं असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

## लाईनला धक्काही लावला नाही, तरी फुटते ती का?

पाण्याच्या लाईनींचं हे मी जवळून पाहिलंय. मोठ्या पाइपला जिथे वळण असतं तिथे पाण्याचा दाब वळणाला बाहेर ढकलत असतो. बागेतल्या पाइपचं पाणी जोरात सोडलं की पाइप सापासारखा उसळतो, तोच प्रकार. हिशोब करून बघा, ६०० मिलिमीटरचा पाइप, आत दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब, काटकोनातलं वळण, तर बाहेर ढकलणारा जोर होतो साधारण २० टन, म्हणजे भरल्या डंपरच्या आसपास. तो पेलायला वळणामागे काँक्रीटचा मोठा ठोकळा टाकतात आणि त्या ठोकळ्याला मागून धरून ठेवते ती माती. आता कुणी दुसऱ्याच कामासाठी त्या ठोकळ्यामागे चर खोदला, पाइपला बोटही लावलं नाही, तरी माती गेली म्हणजे आधार गेला. रात्री मागणी कमी होऊन दाब वाढतो, ठोकळा सरकतो, जॉइंट निखळतो आणि पहाटे रस्त्याची नदी होते.

जुन्या बिडाच्या पाइपांचे शिसं ओतलेले जॉइंटही असेच, खालची माती सरकली किंवा शेजारी ब्रेकर तासन्‌तास चालला तरी गळायला लागतात. म्हणून चरात लाईन उघडी पडली की तिला वरून बीम टाकून पट्ट्यांनी टांगून ठेवायचं, केबल असेल तर खाली फळी द्यायची, आणि तिच्यावर पाय देऊन खाली उतरायचं नाही.

आणि खड्डा बुजवणं! सगळं नीट करून शेवटी संध्याकाळी घाईत निघालेला राडारोडा, दगड, काँक्रीटचे तुकडे परत ढकलून देतात. एक टोकदार दगड प्लास्टिकच्या पाइपवर बसला आणि वरून रोलर फिरला की तो दगड रोज थोडाथोडा आत रुतत जातो. लाईनच्या भोवती वाळू किंवा चाळलेली माती, मग विटा, मग पट्टी, हे जसं होतं तसं परत झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या खोदणाऱ्याला सावध करणारं काही उरतच नाही.

## थोडंसं खरचटलं तर काय बिघडतं?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथेच सांगायचीय. तुटलेली लाईन लगेच कळते. नुसती खरचटलेली लाईन गुपचूप बुजवली जाते, कारण सांगितलं तर दंड, काम बंद, वरून शिव्या.

कापडाच्या दुकानात बघा, दुकानदार कात्रीने काठाला बारीक चीर देतो आणि उरलेलं कापड हाताने टर्रकन फाडतो. चीर नसती तर तेच कापड दोन माणसांनी ओढून फाटलं नसतं. स्टीलच्या गॅस पाइपवर बकेटच्या दाताचा ओरखडा म्हणजे ती चीर, आणि आतला दाब म्हणजे ओढणारे हात. केबलचं वरचं आवरण सोललं गेलं तर पावसाळ्यात पाणी आत शिरतं, हळूहळू चढत जातं, आणि पाच-सहा महिन्यांनी भलत्याच दिवशी केबल उडते. तेव्हा खोदणारा केव्हाच दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

बेल्जियममध्ये घिस्लेंगिएन नावाच्या गावाजवळ ३० जुलै २००४ ला असंच झालं. औद्योगिक वसाहतीत बांधकाम चालू असताना मोठ्या गॅस पाइपला आधीच यंत्राचा मार लागलेला होता, पाइप फुटला नव्हता, तसाच मातीखाली राहिला. नंतर गॅसचा दाब वाढवला गेला आणि पाइप फुटला. २४ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. मेलेल्यांत गळतीची बातमी ऐकून धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते.

## गॅस सुटला तर माती टाकून दाबायचा नाही का?

अजिबात नाही. शहरातल्या पिवळ्या-नारिंगी प्लास्टिक पाइपमध्ये ४ बारपर्यंत दाब असतो, कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दुप्पट. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, उघड्यावर सुटला तर वर जातो. माती टाकली किंवा वर काँक्रीटचा रस्ता असला तर त्याला वर जायला वाट नाही, मग तो आडवा पसरतो, केबलच्या डक्टमधून, गटारातून, आणि कुणाच्या तरी तळघरात जाऊन साठतो. मातीतून जाताना त्याचा मुद्दाम मिसळलेला वासही कमी होऊ शकतो. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते.

दक्षिण कोरियात देगू शहरात २८ एप्रिल १९९५ ला एका बांधकामाच्या ड्रिलिंगमध्ये गॅसच्या पाइपला भोक पडलं, गॅस जमिनीखालून वाट काढत शेजारच्या मेट्रोच्या खोदकामात जाऊन भरला, गॅस कंपनीला कळवण्यात मोलाची मिनिटं गेली, आणि स्फोटात १०१ जण गेले. सकाळची वेळ, त्यात शाळेत निघालेली कितीतरी मुलं.

तेव्हा गॅसच्या लाईनला लागलं तर मशीनला हात न लावता, ना चालू ना बंद, वारा जिकडून येतोय त्या बाजूला सगळ्यांनी लांब जायचं, मोबाईलही लांब गेल्यावरच काढायचा, गॅस कंपनी आणि अग्निशमन दलाला कळवायचं, आजूबाजूच्या घरांना सांगायचं. पाइप मुरगळून बांधायचा प्रयत्न करायचा नाही आणि बुजवायचा तर नाहीच.

## एवढं करत बसलं तर काम कधी होणार, पैसे कोण देणार?

ठेकेदार हेच विचारतात आणि त्यांची अडचणही खरी आहे, रस्ता खोदायची परवानगी मोजक्या दिवसांची, पावसाळा डोक्यावर, ट्रॅफिक पोलीस रात्रीचंच काम करू देतात. पण एक ट्रायल पिट म्हणजे चार माणसं आणि अर्धा दिवस. याउलट काय होतं ते आपल्याच राज्यात बघा. ठाण्यात कुणी तरी बोअरवेल मारली आणि ती जमिनीखाली खोलवर असलेल्या मुंबईच्या पाण्याच्या बोगद्यात घुसली, त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत महिनाभरासाठी १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. एक बोअर, आणि फटका अख्ख्या शहराला! त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अंधेरीत मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १८०० मिलिमीटरची लाईन फुटली, दुरुस्तीला दोन दिवस लागले, पश्चिम उपनगरांतल्या बऱ्याच भागात नळ कोरडे.

माझं म्हणणं असं की ट्रायल पिटचे पैसे टेंडरमध्ये वेगळी बाब म्हणून धरा, जितके खड्डे तितके पैसे, म्हणजे ते वाचवण्यात कुणाचाच फायदा राहणार नाही. आणि दंडाची पद्धत बदला. लाईनला लागलं आणि त्याच तासात कळवलं तर फक्त दुरुस्तीचा खर्च घ्या. लपवून बुजवलं आणि नंतर उघड झालं तर मात्र असा दंड करा की पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. आज दोघांना सारखीच शिक्षा आहे, किंवा लपवणारा सुटतोच, मग तो पोरगा तरी कशाला सांगेल?

## सगळ्यांसाठी एकच बोगदा का करत नाहीत?

नव्या वसाहतीत करतात, गुजरातच्या गिफ्ट सिटीत आहे, माणूस आत चालत जाऊन दुरुस्ती करतो, रस्ता खोदावाच लागत नाही. जुन्या गल्लीत मात्र तेवढी रुंदी नाही आणि चालू लाईनी हलवतानाच त्या तुटायचा धोका. गॅस आणि वीज एका बंद जागेत ठेवायचं म्हणजे हवा खेळती राहायची वेगळी सोय लागते. तरी नवा काँक्रीट रस्ता करताना दर थोड्या अंतरावर रिकामे आडवे पाइप टाकून ठेवणं सहज जमण्यासारखं आहे.

## आपण काय करू शकतो?

आपल्या सोसायटीचं पाणी, गॅस, केबल कुठून आत येतं ते एकदा गेटपासून पावलांनी मोजून कागदावर काढा आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. बोअर मारायच्या आधी पालिकेला विचारा. गावाकडे शेतातून मोठी गॅसची किंवा तेलाची पाइपलाईन गेली असेल तर त्या पट्ट्यात विहीर, बांधकाम किंवा झाड लावायला १९६२ च्या कायद्याने मनाई आहे, बांधावरचे खुणेचे खांब उपटू नका. आणि समोर खोदाई चालू झाली तर ओरडायला जाण्याआधी एवढंच विचारा, दादा, खाली काय आहे ते बघितलंय का?

आमच्या गल्लीत दिवाळीनंतर काँक्रीटचं काम आलं तेव्हा मी आणि शेजारचे काका हेच विचारायला गेलो. सुपरवायझर समजूतदार निघाला, त्याने चार ठिकाणी हाताने खड्डे घेतले. दोन रिकामे. तिसऱ्यात चाळीस सेंटीमीटरवर फावड्याला काहीतरी मऊ लागलं, मुकादम खाली बसला, हाताने माती बाजूला केली तर पिवळा गॅसचा पाइप, नकाशात तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. सुपरवायझरने टेप लावून माप घेतलं, गॅस कंपनीला फोन केला आणि माणूस येईपर्यंत काम थांबवलं. जाताना त्याने आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर पिवळ्या रंगाने बाण काढला आणि बाजूला लिहिलं, 'गॅस, भिंतीपासून १.२ मीटर, खोली ४० सेंमी'. यंदा सोसायटीचं रंगकाम आहे, तेवढी भिंत सोडून रंग द्या असं पेंटरला सांगून ठेवलंय.